खांदे मजबूत करायचेत? उभं राहून, बसून की डंबेलनं? वजन डोक्यावर नेण्याचा कोणता प्रकार कुणासाठी, वाचा सविस्तर

भरतीची जाहिरात निघाली की गावागावांतल्या व्यायामशाळांत गर्दी वाढते. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणं आणि संध्याकाळी 'शोल्डर मारणं', असा पोरांचा दिनक्रम सुरू होतो. शिकवायला मास्तर नसतो. मग मोबाईलवर एखादी रील बघायची, रॉडला दोन्ही बाजूंनी प्लेटा अडकवायच्या आणि रॉड डोक्यावर ढकलायचा. पंधरा दिवस बरं चालतं. मग खांद्यात कळ यायला लागते, शर्ट घालताना हात मागं जात नाही, आणि ऐन गोळाफेकीच्या सरावाच्या वेळी पोरगा घरी बसतो.

यात दोष व्यायामाचा नसतो, चुकीचा प्रकार आणि चुकीचं वजन निवडल्याचा असतो. वजन खांद्यापासून डोक्यावर सरळ ढकलण्याच्या व्यायामाला 'ओव्हरहेड प्रेस' म्हणतात. पोरं त्याला नुसतं 'शोल्डर प्रेस' म्हणतात. त्याचे सात-आठ प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे. कुणी कोणता करावा, कोणता टाळावा, याची ही माहिती.

आधी खांदा समजून घ्या

शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा म्हणजे खांदा. दंडाच्या हाडाचा गोल डोकं असलेला भाग एका उथळ वाटीत टेकलेला असतो. वाटी उथळ म्हणून हात चहूकडे फिरतो, आणि वाटी उथळ म्हणूनच खांदा निखळतोही लवकर. त्याला जागेवर धरून ठेवण्याचं काम चार लहान स्नायू करतात. ते बाहेरून दिसत नाहीत, पण खांदा दुखतो तेव्हा बहुतेक वेळा तक्रार त्यांचीच असते.

बाहेरून दिसणारा गोल स्नायू म्हणजे डेल्टॉइड. त्याचे तीन भाग आहेत: पुढचा, बाजूचा आणि मागचा. वजन डोक्यावर ढकलताना सगळ्यात जास्त काम पुढचा भाग करतो, बाजूचा भाग त्याला साथ देतो, मागचा जवळपास मोकळाच राहतो. कोपर सरळ करायला दंडाच्या मागचा स्नायू, म्हणजे ट्रायसेप्स लागतो. शिवाय हात पूर्ण वर जायचा तर पाठीवरचं फऱ्याचं हाडही फिरावं लागतं. ते नीट फिरलं नाही तर खांद्याच्या वरच्या भागात आतल्या आत घासाघीस होते आणि तिथून दुखणं सुरू होतं.

'आम्ही तर रोज पोती उचलतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?' असं बरेच जण म्हणतात. पण पोतं पाठीवर घेताना जोर पायांचा आणि कमरेचा लागतो. ४५ किलोची युरियाची गोणी खांद्यावर टाकणारा गडी २० किलोचा रॉड दहा वेळा डोक्यावर नेताना थरथरू शकतो. त्यात कमीपणा काही नाही. त्या हालचालीची शरीराला सवय नसते, एवढंच.

प्रकार १: उभं राहून रॉड ढकलणे

हा मूळ प्रकार, आणि सगळ्यात जुनाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत प्रेस हाही उचलीचा एक प्रकार होता. पुढं खेळाडू कमरेतून इतके मागं वाकायला लागले की उचल बरोबर की चूक हे पंचांनाच ठरवता येईना. कमरेच्या दुखापतीचीही भीती होती. म्हणून १९७२ नंतर प्रेस स्पर्धेतून काढून टाकली. स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हे दोनच प्रकार राहिले, ते आजपर्यंत.

ही गोष्ट मुद्दाम सांगायची, कारण तीच चूक आज गावच्या व्यायामशाळेत होते. वजन झेपेनासं झालं की पोरगा पोट पुढं काढून मागं वाकतो. रॉड वर जातो खरा, पण ते काम खांद्याऐवजी छाती आणि कंबर करते. मणक्यावर ताण पडतो तो वेगळाच.

बरोबर पद्धत अशी: पाय खांद्याच्या रुंदीएवढे. रॉड गळ्याखाली, खांद्याच्या पुढच्या भागावर. हातांची पकड खांद्यापेक्षा जराशी बाहेर. मनगट मागं मोडलेलं नको, कोपराच्या बरोबर वर हवं. पोट आणि कुल्ले घट्ट आवळायचे, कुणी पोटात बुक्की मारणार आहे असं समजून. रॉड वर नेताना हनुवटी थोडी मागं घ्यायची, म्हणजे रॉड नाकासमोरून सरळ वर जातो. कपाळाच्या वर गेला की डोकं दोन्ही हातांच्या मधे आणायचं. शेवटी कोपर सरळ, आणि रॉड, खांदा, कंबर, टाच एका रेषेत. खाली आणताना दोन सेकंद लावायचे. धपकन सोडायचा नाही.

फायदा: खांद्याबरोबर पोट, कंबर, पाय सगळ्यांना काम मिळतं आणि अंगात एकसंध ताकद येते. तोटा: वजन कमी उचललं जातं, आणि कमरेचं जुनं दुखणं असेल तर जपून करावं लागतं.

प्रकार २: बसून ढकलणे

पाठीला टेका असलेल्या बाकावर बसून रॉड किंवा डंबेल वर न्यायचे. पायांची मदत नाही, तोल सांभाळायचा नाही, त्यामुळं सगळं लक्ष खांद्यावर राहतं आणि डंबेलचं वजनही थोडं जास्त घेता येतं. नवख्या माणसाला आणि चाळिशीच्या पुढच्यांना हा प्रकार सोयीचा.

बाक अगदी काटकोनात उभा ठेवू नये, टेका किंचित मागं कललेला असावा. आणि टेका आहे म्हणून कमरेत कमान करू नये. बाकापासून कंबर उचलायला लागली की वजन जास्त झालं असं समजावं.

प्रकार ३: डंबेलनं ढकलणे

रॉडमध्ये एक लबाडी लपते. उजवा हात ताकदवान असेल तर तो डाव्याचं काम गुपचूप करून टाकतो. डंबेलमध्ये तसं चालत नाही, प्रत्येक हाताला आपलं वजन आपणच उचलावं लागतं. फवारणीचा पंप, खोरं, कुऱ्हाड आयुष्यभर एकाच हातानं चालवलेल्या माणसाच्या दोन खांद्यांत फरक पडलेला असतो. तो डंबेलनं लगेच कळतो.

दुसरा फायदा म्हणजे हात हवे तसे वळवता येतात. रॉडनं ज्यांचा खांदा दुखतो त्यांनी डंबेल घेऊन तळवे एकमेकांसमोर ठेवावेत आणि कोपर अगदी बाजूला न काढता थोडे पुढं ठेवावेत. बऱ्याच जणांना यानं आराम पडतो.

उभं राहून की बसून, रॉड की डंबेल, याची तुलना नॉर्वेतल्या संशोधकांनी केली होती. त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. उभं राहून डंबेल ढकलताना खांद्याच्या स्नायूंचं काम सगळ्यात जास्त दिसलं, पण त्याच प्रकारात वजन सगळ्यात कमी उचललं गेलं. म्हणजे वजनाचा आकडा मोठा दिसला की खांद्याचं काम जास्त झालं, असं नसतं. शेजारच्या पोरानं किती प्लेटा लावल्यात हे बघून आपल्या प्लेटा ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रकार ४: पायांचा झटका देऊन, म्हणजे पुश प्रेस

यात रॉड खांद्यावर ठेवून गुडघे जरासे वाकवायचे आणि पायांच्या जोरानं रॉडला वर धक्का द्यायचा. उरलेलं अंतर हातांनी पूर्ण करायचं. वजन साध्या प्रेसपेक्षा जास्त जातं.

भरतीच्या पोरांसाठी हा प्रकार महत्त्वाचा. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत १५ गुण गोळाफेकीचे आहेत. मुलांसाठी गोळा ७.२६० किलोचा, मुलींसाठी ४ किलोचा. (नियम बदलू शकतात, त्या-त्या वर्षीची जाहिरात वाचावी.) गोळा हा दगडासारखा भिरकावायचा नसतो, मानेजवळून ढकलायचा असतो, आणि त्याचा जोर जमिनीतून येतो: पाय, मग कंबर, मग खांदा, शेवटी हात आणि बोटं. पुश प्रेसमध्येही जोराचा प्रवास असाच खालून वर होतो. नुसते दंड फुगवलेला पोरगा गोळाफेकीत मागं राहतो आणि किडकिडीत दिसणारा पुढं जातो, त्याचं एक कारण हेच.

मात्र साधी प्रेस महिना-दीड महिना नीट केल्याशिवाय पुश प्रेसकडं वळू नये. जड रॉड झटक्यानं वर जातो, तो खाली झेलायचीही ताकद लागते.

प्रकार ५: कोपऱ्यात रॉड अडकवून, म्हणजे लँडमाइन प्रेस

रॉडचं एक टोक भिंतीच्या कोपऱ्यात टेकवायचं (भिंत फुटू नये म्हणून त्याला जुनं पोतं गुंडाळायचं), दुसऱ्या टोकाला प्लेट लावायची आणि ते टोक एका हातानं खांद्यापासून पुढं-वर ढकलायचं. यात हात सरळ उभा वर न जाता तिरका जातो, त्यामुळं खांद्यावर घासाघीस कमी होते.

ज्यांचा हात पूर्ण वर जात नाही किंवा जे खांद्याच्या दुखण्यातून उठलेत, त्यांच्यासाठी सुरुवात इथून करणं चांगलं. गोळाही सरळ आभाळात न जाता पुढं-वर जातो, म्हणून गोळाफेकवाल्यांनाही हा प्रकार उपयोगी. खर्च काही नाही, एक रॉड आणि एक कोपरा पुरतो.

प्रकार ६: अर्नोल्ड प्रेस

अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या नावानं ओळखला जाणारा प्रकार. डंबेल छातीसमोर, तळवे स्वतःच्या तोंडाकडं. वर नेता नेता हात फिरवायचे आणि शेवटी तळवे समोर करायचे. हालचाल लांब होते, स्नायूवर ताण जास्त वेळ राहतो. शरीर दाखवण्याच्या हेतूनं व्यायाम करणाऱ्यांना आवडतो. यात वजन हलकंच हवं. जड डंबेल फिरवताना खांद्यातले ते चार लहान स्नायू कुरकुर करतात.

प्रकार ७: मानेमागून रॉड ढकलणे

जुन्या व्यायामशाळांत हा प्रकार अजूनही सर्रास दिसतो. काही लोकांना तो जमतो. पण त्यासाठी खांदे खूप मोकळे असावे लागतात, आणि दिवसभर वाकून भांगलण केलेल्या किंवा ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाचे ते सहसा तसे नसतात. हात मागं खेचलेल्या अवस्थेत वजन पेललं की खांद्याच्या पुढच्या बाजूवर ताण येतो, मान पुढं ढकलली जाते. जो फायदा यातून मिळतो तो बाकीच्या प्रकारांतूनही मिळतो. मग धोका कशाला पत्करायचा? बहुतेकांनी हा प्रकार सोडून द्यावा.

रॉड नाही, डंबेल नाही? मग घरी काय?

पाण्याचं एक लिटर म्हणजे एक किलो. पाच लिटरचा कॅन भरला की डब्याचं वजन सोडून पाच किलो झाले. वाळू भरली तर त्याहून जड. मूठ पक्की असलेले दोन सारखे कॅन घेतले की डंबेलचं काम भागतं. फक्त झाकण घट्ट हवं.

तेही नको असेल तर पाईक पुश-अप करावेत: जोर काढायला जसं उभं राहतो तसे कुल्ले उंच ठेवायचे, आणि पुढं सरकायच्या ऐवजी डोकं सरळ जमिनीकडं न्यायचं. तालमीतले जोर खांद्याला चांगलेच आहेत. मुद्गल आणि करेल्यानं खांदे मोकळे होतात, पकड सुधारते. पण त्यात वजन फिरवलं जातं, ढकललं जात नाही. म्हणून ते प्रेसची जागा घेत नाहीत, प्रेसला जोड म्हणून उत्तम.

किती, कधी, कसं वाढवायचं?

– आठवड्यातून दोन वेळा पुरे. दोन दिवसांत किमान ४८ तासांचं अंतर ठेवावं. रोज खांदे मारून ताकद वाढत नाही, दुखणं वाढतं.

– सुरुवात मोकळ्या रॉडनं. ऑलिंपिक रॉड २० किलोचा असतो, पण गावच्या व्यायामशाळेतले रॉड बहुधा हलके असतात. धान्याच्या काट्यावर एकदा रॉड तोलून घ्यावा, म्हणजे आपण नेमकं किती उचलतोय हे कळतं.

– ८ ते १० वेळांचे ३ सेट. प्रत्येक सेट संपताना अजून दोन वेळा जमलं असतं, असं वाटलं पाहिजे. हात लटलट कापेपर्यंत ओढू नये.

– तिन्ही सेटमध्ये सरळ १० वेळा जमायला लागलं, तेही दोन दिवस लागोपाठ, की मगच दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो वाढवावं. खांदा छाती-पायांसारखा भराभर वाढत नाही. घाई केली की मागं वाकणं सुरू होतं.

– आधी पाच-सात मिनिटं हात गोल फिरवणं आणि एक-दोन हलके सेट. थंडीच्या दिवसांत हे चुकवू नये.

– जेवढं ढकलाल तेवढं ओढाही. प्रेसमध्ये खांद्याचा मागचा भाग राहून जातो. त्यासाठी पुल-अप, किंवा वाकून डंबेल पोटाकडं ओढणं करावं. नुसतं ढकलत राहिलं की खांदे पुढं झुकतात आणि दुखण्याला निमंत्रण मिळतं.

आणि एक गोष्ट जी रीलमध्ये कुणी सांगत नाही. शेतातलं काम हा पण व्यायामच आहे, त्याचा हिशेब धरावा लागतो. ज्या दिवशी सोयाबीनची पोती ट्रॉलीत चढवली, उसाच्या मोळ्या वाहिल्या किंवा दिवसभर पाठीवर पंप होता, त्या संध्याकाळी जड प्रेस करू नये. खांद्याला शेत आणि व्यायामशाळा वेगळी कळत नाही. सुगीच्या दिवसांत आठवड्याला एकदाच, तेही हलक्या वजनानं केलं तरी ताकद टिकते.

मुली आणि लहान मुलांनी करावं का?

मुलींनी जरूर करावं. खांदे पुरुषासारखे होतील ही भीती निराधार आहे. भरतीत मुलींनाही गोळाफेकीचे तेवढेच गुण आहेत. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये महिलांचं वेटलिफ्टिंग पहिल्यांदा आलं आणि त्याच वर्षी आंध्र प्रदेशच्या कर्णम मल्लेश्वरी यांनी भारतासाठी कांस्यपदक आणलं.

वजन उचलल्यानं वाढत्या वयातल्या मुलांची उंची खुंटते, हाही गैरसमज. मात्र शाळकरी मुलांनी जोर, बैठका, हलकी वजनं आणि तेही मोठ्या माणसाच्या नजरेखाली करावं. ताकद आजमावायची पैज लावू नये.

दुखापत कुणालाही होते

सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. क्लीन अँड जर्कमध्ये वजन डोक्यावर नेताना त्याच्या कोपराला दुखापत झाली आणि सुवर्ण अवघ्या १ किलोनं हुकलं. वर्षानुवर्षं प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झालेल्या खेळाडूवर ही वेळ येते, तर एकट्यानं, मोबाईल बघून वजन उचलणाऱ्यानं किती जपायला हवं!

म्हणून जड वजन असेल तेव्हा जोडीदार जवळ असावा. वजन सुटतंय असं वाटलं तर ते वाचवायला जाऊ नये, पुढं टाकून मागं सरकावं. प्लेटांना बाहेरून लॉक लावावेत.

स्नायू दुसऱ्या दिवशी जड होणं, दुखरा वाटणं साहजिक आहे. ते दोन-तीन दिवसांत जातं. पण पुढची लक्षणं दिसली तर व्यायाम थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं:

– रात्री त्या कुशीवर झोपता न येणं
– हात वर उचलताच न येणं, किंवा उचलताना ठरावीक जागी सणक येणं
– हाताला मुंग्या येणं, बधिर वाटणं
– वजन उचलताना 'कट्' आवाज होऊन एकदम ताकद जाणं

खांदा निखळला तर तो तिथंच ओढून बसवायचा प्रयत्न कुणीही करू नये. शिरा आणि नस दुखावू शकते. हात झोळीत अडकवून दवाखाना गाठावा.

ज्यांना बीपी आहे त्यांनी श्वास कोंडून जड वजन ढकलू नये, वर नेताना श्वास सोडावा आणि सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावं. शुगर असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. हात हळूहळू कमी कमी वर जायला लागला असेल तर वजन वाढवून तो मोकळा होत नाही, तपासणीच करावी लागते. आणि डाव्या खांद्यात किंवा हातात कळ येतेय, सोबत छातीत दाब, घाम, दम आहे, तर ते व्यायामाचं दुखणं समजून घरी मालीश करत बसू नये. लगेच १०८ ला फोन करावा.

थोडक्यात, कुणी काय करावं?

– नवशिका: बसून डंबेल, किंवा उभं राहून मोकळा रॉड
– भरतीचा उमेदवार: उभं राहून रॉड, महिना-दीड महिन्यानं पुश प्रेस, जोडीला लँडमाइन प्रेस
– जुनं खांदेदुखीचं: डॉक्टरांना विचारून लँडमाइन, मग तळवे समोरासमोर ठेवून हलके डंबेल
– कमरेचं दुखणं असलेला: पाठीला टेका देऊन बसून
– घरीच करणारा: पाण्याचे कॅन, पाईक पुश-अप, जोर
– मानेमागून रॉड: बहुतेक सगळ्यांनी टाळावा

एकाच दिवशी सगळे प्रकार करायची गरज नाही. आपल्याला जमेल तो एक मुख्य प्रकार आणि त्याला एक जोड, एवढंच धरून दोन-तीन महिने चालावं. वहीत तारीख, वजन आणि किती वेळा हे लिहून ठेवलं की ताकद वाढतेय की नाही हे आपलं आपल्याला कळतं. त्यासाठी आरशात बघायची किंवा शेजारच्याच्या प्लेटा मोजायची गरज पडत नाही.